दिवाळीची वहिवाट

दसऱ्याची आपट्याची पाने अजून दाराच्या कोपऱ्यात सुकत पडलेली असतात, परतीचा पाऊस निघून जावे की आणखी दोन दिवस रत्नागिरीचा पाहुणचार घ्यावा या विवंचनेत भाट्याच्या खाडीवर घुटमळत असतो, आणि दुपारच्या उकाड्याने अंगातला सदरा पिळून वाळत घालण्याच्या योग्यतेस पोहोचलेला असतो, अशा कोणत्याही शुभकार्यास सर्वथैव प्रतिकूल मुहूर्तावर आमच्या घरात दिवाळीची दोन खाती उघडली जातात. एक भट्टीखाते आणि दुसरे कागदखाते. पहिल्यात नानखटाई सिद्ध व्हावयाची असते, दुसऱ्यात आकाशकंदील. चकली, कडबोळी, करंजी इत्यादी जुनी संस्थाने आपापल्या कढईच्या बळावर स्वतंत्रपणे नांदत असतात व त्यांच्या अंतर्गत कारभारात पुरुषाने ढवळाढवळ करू नये असा दंडक आहे. परंतु नानखटाईला भट्टी लागते, भट्टी घराबाहेर असते, आणि घराबाहेर ट्रे वाहून नेण्यास जी विद्वत्ता लागते ती माझ्या अंगी पुरेपूर आहे याविषयी आमच्या कुटुंबात आजवर मतभेद झालेला नाही. कागदखात्यातील माझी नेमणूक तर वंशपरंपरागत आहे. वडील उत्तम कंदील करीत. त्याअर्थी त्यांच्या मुलालाही तो येत असलाच पाहिजे, असा एक सिद्धांत घरात रूढ असून इतक्या वर्षांच्या प्रत्यक्ष पुराव्यानेही तो यत्किंचित डळमळीत झालेला नाही.

या दोन्ही खात्यांचे भांडवल एकच, ते म्हणजे मैद्याची पिशवी. नानखटाईला मैदा लागतो आणि कंदिलाच्या खळीलाही मैदाच लागतो, त्यामुळे वाटणीचा दावा दरसाल नव्याने उभा राहतो.

"खळीला एवढा मैदा कशाला हवा?"

"कमी पडला तर कागद सुटेल."

"आणि नानखटाई कमी पडली तर?"

"तर लोक कमी खातील."

या उत्तरानंतर स्वयंपाकघरात जी शांतता पसरली तिचा अर्थ मी अनुभवाने जाणत असल्यामुळे अधिक युक्तिवाद न करता माघार घेतली, व निकालात माझ्या वाट्याला गेल्या चतुर्थीपासून डब्याच्या तळाशी राहिलेला, ज्यावर पोरकिड्यांनी माझ्या आधीच वहिवाट सांगितली होती, असा वाटीभर मैदा आला.

नानखटाईचे खरे कष्ट तूप फेसण्यात. परातीत वनस्पती तूप घेऊन ते तळहाताने इतके फेसावयाचे की त्याने आपला मूळ रंग, आकार आणि स्वाभिमान सोडून पांढऱ्या शुभ्र फेसाचे रूप घ्यावे. हे काम आतील माणसांनी करावयाचे असले तरी मनगट दुखू लागताच ते बाहेरच्या माणसाकडे वर्ग होते. मी फेसत होतो आणि नव्वदीकडे झुकलेल्या आमच्या आत्या माचावर बसून देखरेख करीत होत्या.

"झालं का ते बघ. वाटीभर पाण्यात थेंब टाक. तरंगला तर झालं."

मी थेंब टाकला. तो तरंगला. परंतु शास्त्रीय दृष्टीची जी खोड मला शाळेपासून आहे तिने डोके वर काढले, आणि मी डब्यातले न फेसलेले तूप घेऊन त्याचाही एक थेंब टाकला. तोही तरंगला.

"आत्या, तूप पाण्यापेक्षा हलकं असतं. ते फेसलं तरी तरंगतं, नाही फेसलं तरी तरंगतं."

"म्हणूनच आमची परीक्षा कधी चुकली नाही," आत्या म्हणाल्या.

ही परीक्षा उत्तीर्ण झालेले तूप मग पिठीसाखर, मैदा, थोडा रवा, जायफळ व वेलदोडा यांच्यासह मळून, लाट्या चपट्या करून, वर चारोळी खोचून, ट्रेमध्ये मांडण्यात येते. घरच्या घरी भाजण्याचे प्रयोगही पूर्वी झालेले आहेत. कुकरमध्ये वाळू घालून भाजलेल्या नानखटाईला मांडवीच्या किनाऱ्याची अस्सल चव आली होती; आणि विजेच्या भट्टीत ती घातली त्या दिवशी संध्याकाळी वीज गेली ती रात्री आली, तोवर आतील माल भाजलाही नव्हता आणि कच्चाही राहिला नव्हता. तेव्हापासून सारे घर एकमताने लाकडाच्या भट्टीचे पुरस्कर्ते झाले आहे. पूर्वी दिवाळीच्या आधी गावोगावच्या बेकऱ्यांत घरोघरचे ट्रे भाजून मिळत. आता तयार पुडे स्वस्त झाल्यामुळे असा उपद्व्याप अंगावर घेणारी एखाददुसरीच भट्टी उरली आहे, आणि तिच्या दाराशी या दिवसांत जी गर्दी लोटते ती पाहून कचेरीत जमीन मोजणीची तारीख लागली आहे की काय असे परक्या माणसाला वाटावे.

भट्टीचा दिनक्रम पंचांगापेक्षा कडक असतो. पहाटे लाकडे पेटतात, ताव चढला की पाव लागतात. पाव निघाले की ताव उतरू लागतो, आणि तो नेमका किती उतरला म्हणजे नानखटाई वरून तडकेल पण खालून करपणार नाही, हे ज्ञान भट्टीवाल्या चाचांनी, दारापाशी नुसता हात धरून, हस्तगत केलेले आहे. मी वहीत टिपून घेण्याच्या तयारीने विचारले, "चाचा, आत साधारण किती अंश उष्णता असेल?"

"हात सांगतो तेवढी."

वही मिटून मी माझ्या तीन ट्रेंकडे वळलो. दोन ट्रे चाचांचे होते व तिसरा आमचा घरचा. कोणाचा माल कोणता याबाबत घोटाळा होऊ नये म्हणून मी प्रत्येकावर माझे संपूर्ण नाव, आळी व ट्रेचा अनुक्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी काठाखाली खोचली होती. शेजारच्या भगिनींनी ती व्यवस्था ज्या कौतुकाने पाहिली त्यात थोडी दया मिसळलेली आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. तासाभराने ट्रे बाहेर आले. नानखटाई होती, चिठ्ठ्या नव्हत्या.

"चाचा, माझ्या चिठ्ठ्या?"

"भट्टीत कागद घातला तर त्याचं काय होणार, साहेब?"

"मग आता माल ओळखायचा कसा?"

"बायका ओळखतात. दरवर्षी ओळखतात. पुरुषमाणूस आला की पंचाईत होते."

आणि खरोखरच, ज्या क्षेत्रात मी लेखनविद्येवर विसंबून राहिलो तेथे या निरक्षर ट्रेंवर प्रत्येक घराने आपली मोहोर उठवून ठेवली होती. कोणी बदामाचा काप तिरपा लावला होता, कोणी काट्याने जाळी ओढली होती, कोणी अंगठ्याचा ठसा उमटवला होता. आमची खूण चारोळी. आणि निम्म्या रत्नागिरीची खूणही चारोळीच असावी असे समोरचा देखावा सांगत होता. एका ट्रेवरून तर दोन बायकांचा रीतसर वाद सुरू झाला. "ही माझी, मी जायफळ जास्त घालते," असे एकीने म्हणावे, पुराव्यादाखल एक उचलून चाखावी. "जायफळ नव्हे, वेलदोडा आहे," असे दुसरीने म्हणून उलटतपासणीसाठी दुसरी उचलावी. पंच म्हणून बोलावलेल्या तिसरीने दोघींना न्याय देण्यासाठी दोन खाव्यात. अशा रीतीने चौकशी पूर्ण झाली तेव्हा दाव्याचा मुद्देमालच संपत आला होता व दावा आपोआप निकालात निघाला. त्या धांदलीत मी तीन ट्रे उचलून घर गाठले.

सौभाग्यवतींनी तिसऱ्या ट्रेमधील एक तुकडा तोंडात घातला आणि कपाळाला आठी घातली.

"ही आपली नव्हे."

"कशावरून?"

"चांगली झालीय."

ती परत नेण्याचा विचार एकवार मांडला गेला. परंतु कोणाची हे ठाऊक नसताना ती नेणार कोठे, अशी कायदेशीर अडचण निघाल्यामुळे ती डब्यात भरून ठेवण्यात आली.

"माहेरी आमच्याकडे पूर्वापार अशीच होते," असे उद्गार झाकण लावताना निघाले, आणि येथून प्रकरणाला ऐतिहासिक वळण लागले. ते 'पूर्वापार' मला नेहमी छळते. कृतीच्या वहीत पहिलाच जिन्नस डालडा, आणि डालडा हिंदुस्थानच्या बाजारात आला तो १९३७ साली. म्हणजे सासुरवाडीचे पूर्वापार १९३७ च्या अलीकडेच कोठेतरी सुरू होत असले पाहिजे. ही शंका मी बोलून दाखवली नाही. संसारात काही दस्तऐवज तपासावयाचे नसतात. तथापि शेजारच्या अण्णांपाशी मात्र विषय काढला, कारण अण्णा हे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले असून इतिहास हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग आहे.

रत्नागिरीकराला इतिहासाची टंचाई कधी भासत नाही. लोकमान्य टिळक १८५६ साली येथे जन्मले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले, १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो येथेच वारला. सावरकर १९२४ ते १९३७ येथे स्थानबद्ध होते व त्यांच्या काळात, १९३१ साली, पतितपावन मंदिर उभे राहिले. एवढ्या भांडवलावर अण्णांनी तीन कप्प्यांचे एक कपाट मनात तयार केले आहे. जे सार्वजनिक ते टिळकांच्या कप्प्यात, जे सुधारकी ते सावरकरांच्या, आणि जे चमकते व जरा चमत्कारिक दिसते ते थिबाच्या. जगातील कोणतीही वस्तू त्यांच्यापुढे ठेवा, ती या तिहींपैकी एका कप्प्यात जाते.

"अण्णा, आकाशकंदील कुठून आला?"

"थिबा."

"आणि नानखटाई?"

अण्णांनी क्षणभर समुद्राच्या दिशेने पाहिले. "तीही थिबाच. राजा माणूस, नुसता पाव थोडाच खाणार?"

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास ब्रह्मी लोकांचाही थडिंज्युत नावाचा दीपोत्सव असतो हे मला ठाऊक होते, पण ते अण्णांना सांगणे म्हणजे चढत्या तावात लाकूड घालणे झाले असते; म्हणून मी थेट जिल्हा नगर वाचनालयाची वाट धरली. १८२८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गेले की दोन गोष्टी निश्चित मिळतात: ज्ञान, आणि पंख्याखालची खुर्ची. नानखटाईची हकीकत सुरतेची निघाली. सुरतेच्या डच वखारीतील भट्टी पुढे फरामजी पेस्तनजी दोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे आली, अंडी व ताडीचे आंबवण यांना नाके मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्याने ती वगळून भुसभुशीत बिस्किटे काढली, आणि तीच नानखटाई, असे तिकडे परंपरेने सांगतात. म्हणजे जो पदार्थ आमच्याकडे सोवळ्यातल्या करंज्यांना खेटून बसतो त्याचा आजा डच आणि बाप पारशी. त्याला आमच्या भट्टीवर मुसलमान चाचांनी भाजून काढल्यावर ब्राह्मण आळीतील आत्या तो देवापुढे ठेवतात, आणि देवाने आजवर तक्रार केलेली नाही.

कंदिलाचे मूळ मात्र खरोखरच जुने निघाले. कार्तिक महिन्यात घराजवळ खांब रोवून त्याच्या शिरावर तिळाच्या तेलाचा आकाशदीप लावावा, असे विधान धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आहे. त्यात कागदाचा उल्लेख नाही, झिरमिळ्यांचा नाही, आणि एका दिव्यावर भागत असताना बाजारातून लुकलुकणारी माळ आणून शेजाऱ्याचे डोळे दिपवावेत असे तर मुळीच नाही. या ग्रंथांपैकी सर्वांत प्रचलित तो 'धर्मसिंधु', १७९० साली पुरा झालेला. आता अण्णांचा थिबा पुरता निरुत्तर झाला, अशा विजयी मुद्रेने मी परतलो आणि सारी हकीकत त्यांना ऐकवली. मात्र ग्रंथकार काशीनाथशास्त्री उपाध्ये हे मूळचे संगमेश्वराकडील गोळवलीचे, हे मी भाबडेपणाने शेवटी सांगून बसलो.

"गोळवली?" अण्णा ताठ बसले. "म्हणजे कंदील आपल्याच जिल्ह्याचा!"

"ते पंढरपुरात राहत होते, अण्णा."

"राहत असतील. नोकरीधंद्यासाठी माणूस कुठंही राहतो. गाव कुठलं ते सांगा."

आणि थिबाच्या कप्प्यातून काढलेला कंदील त्यांनी तिथल्या तिथे एक चौथा कप्पा तयार करून त्यात ठेवला.

या वादात शेवटचा शब्द खरे तर आत्यांचा असावयास हवा होता, कारण घरातील सर्वांत जुना दस्तऐवज त्याच. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी कुठली रे नानखटाई? पहाटे अभ्यंग झालं की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, नि मग पोहे. दह्याचे, गुळाचे, दुधाचे, फोडणीचे. झाली दिवाळी."

मी भारावून म्हणालो, "मग यंदा तसंच करू या. नुसते पोहे."

"नको रे बाबा. पोहे काय रोजचेच. मला ते पुड्यातलं बिस्कीट दे चहात बुडवायला."

इकडे कागदखात्याचे काम तुंबले होते. पूर्वी बाजारातून थर्माकोलचा कंदील आणून जबाबदारी झटकता येत असे. परंतु राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदीचे फर्मान काढले, तेव्हापासून शाळाशाळांतून पर्यावरणपूरक कंदिलाचे वारे सुटले आणि त्या वाऱ्याचा पहिला झोत आमच्या घरी आला. कन्येच्या शाळेने षट्कोनी कंदील 'स्वतः' करून आणण्यास फर्मावले होते. या आज्ञेतील 'स्वतः' म्हणजे बाबा, हे रत्नागिरीतील कोणत्याही घरात समजावून सांगावे लागत नाही.

कामट्या आणल्या त्या ओल्या निघाल्या. ओली कामटी बांधताना नम्र असते, व रात्रीतून वाळली की स्वतंत्र विचार करू लागते. सकाळी पाहतो तो षट्कोनाच्या सहा बाजूंपैकी तीन बाजूंनी परस्परांशी असलेले संबंध तोडले होते.

"बाबा, षट्कोनाच्या सगळ्या बाजू समान असतात ना?"

"असाव्यात."

"मग ह्या?"

"ह्या वाढत्या आहेत."

जर्मनीत नीस्की नावाच्या गावी मोरेव्हियन पंथाची शाळा होती. तेथे १८३० च्या सुमारास मुलांना भूमिती कळावी म्हणून कागदी टोकांचा तारा करावयास लावीत, आणि त्यातूनच नाताळचा तो प्रसिद्ध तारा पुढे देशोदेशी गेला. त्या वर्गात मी असतो तर तारा गावाबाहेर पडला नसता, आणि बहुधा भूमितीही.

खळीची कथा याहून वेगळी नाही. बाइंडर लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळे व कसर तिच्या वाटेस जात नाहीत. "घरात विष नको," असा हुकूम सुटल्यामुळे मी ती निर्विष, आणि झुरळांच्या दृष्टीने सात्त्विक, अशी शिजवली. पतंगी कागदाचे तीन ताव हवेतील दमटपणाने हातातच विरघळले, चौथा चिकटला तो माझ्या कोपराला, आणि त्या वर्षी एकंदर असा योग जुळून आला की नानखटाई डब्याला खळीप्रमाणे चिकटून राहिली व खळ नानखटाईप्रमाणे भुसभुशीत होऊन गळू लागली. तरीही धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री निळ्या अंगाचा, लाल शेपट्यांचा, भूमितीत ज्याला अद्याप नाव मिळालेले नाही अशा आकाराचा एक कंदील टेबलावर उभा राहिला. पहाटे उठून पाहतो तो झुरळांनी आतून आपला फराळ उरकलेला. चारी बाजूंना बारीक बारीक भोके.

नवा करण्यास वेळ नव्हता, तसाच टांगला. संध्याकाळी दिवा लागला आणि ओसरीवर ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटली. अण्णा फाटकातच थबकले.

"वा! जाळीकाम कुणाचं?"

"घरीच झालं."

"कसब आहे हो. हे ब्रह्मी पद्धतीचं. म्हटलं होतं ना मी, थिबा?"

पतंगी कागदाचा कंदील भाऊबीजेला उतरवावा अशी वहिवाट; पण तुळशीचे लग्न जवळ आलेले असते म्हणून तो राहतो, मग त्रिपुरी पौर्णिमेसाठी राहतो, मग देवदिवाळी येते, आणि त्यानंतर शिडी शेजाऱ्यांनी नेलेली असते. डिसेंबर उजाडल्यावर "आता नाताळ आलाच आहे, राहू दे" असा ठराव होतो, व जो काल गोळवलीचा आकाशदीप होता तो नाताळचा तारा म्हणून काम पाहू लागतो. यात मला काही वावगे वाटत नाही. विलायतेतसुद्धा आपण ज्याला सनातन समजतो ते नाताळचे झाड घराघरांत शिरले ते १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापल्यानंतर. आणि आज एखाद्या इंग्रज म्हाताऱ्याला विचारले तर तोही पूर्वापार असेच म्हणेल, व त्याच्या शेजारी कोणीतरी विलायती अण्णा मान डोलावेल. केकचे ट्रे लावता लावता चाचांनी मला याच अर्थाचे काहीसे ऐकवले होते.

"ईदेला हीच भट्टी, दिवाळीला हीच, नाताळाला हीच. चिठ्ठ्या तिन्ही वेळा जळतात."

आता एक जाहीर विनंती. भट्टीवरून आमचा जो घरचा ट्रे, एका कोपऱ्याला ठोका बसलेला, ज्यांच्या घरी गेला असेल त्यांनी तो आम्हास परत करून त्यांचा ट्रे घेऊन जावे. ट्रे सौभाग्यवतींच्या माहेरचा असून त्याबाबत दररोज तगादा सुरू आहे. त्यातील नानखटाई परत करण्याचे कारण नाही. तशीच आपलीही परत मागू नये, ती संपली आहे. उत्तम झाली होती.